दाराच्या आतली तपासणी

ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या ऑफिसात तपासण्यांच्या फायलींची रांग असते. आगप्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र २००६च्या राज्य कायद्यानुसार वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. लिफ्टची देखभाल, टाक्यांची सफाई, पावसाळ्याआधी गच्चीची डागडुजी, सगळ्यांच्या तारखा ठरलेल्या असतात. हे सगळं सभासदाच्या उंबरठ्याशी येऊन थांबतं. त्या उंबरठ्याच्या आत निवृत्त माणूस दिवसाचा बहुतेक वेळ काढतो, आणि तिथे कुणीही काहीही तपासत नाही.

सोसायटीने वर्षातून एकदा, लेखी संमती घेऊन, ६० वर्षांवरच्या सभासदांच्या घरांची आतून तपासणी करावी, असं माझं ठाम मत आहे. तपासणीचा खर्च सोसायटीने करावा, दुरुस्तीचा सभासदाने. ही धर्मादाय सेवा नव्हे, इमारतीच्या देखभालीचाच तो राहून गेलेला भाग आहे.

ज्येष्ठ माणूस घरात पडला, भाजला किंवा अडकला की पहिला प्रश्न येतो, ‘लक्ष कुठे होतं?’ मग उपदेश: जपून चाला, घाई करू नका, नसते उद्योग करू नका. या उपदेशाने आजवर एकही लादी कोरडी झालेली नाही. पाय चाळिशीतल्या माणसाचाही घसरतो, पण तो भिंतीला हात लावून सावरतो आणि विसरून जातो. पंचाहत्तरीत तोच घसरलेला पाय खुब्याच्या हाडावर जातो. चूक तीच असते, वयाबरोबर तिची किंमत वाढते. त्यामुळे चूक होणारच हे गृहीत धरून घर तयार ठेवणं एवढंच आपल्या हातात आहे.

निवृत्तीनंतर घरातले अपघात वाढतात त्याला शरीर थकण्याखेरीज आणखी दोन कारणं आहेत, आणि ती फारशी बोलली जात नाहीत. कामांची वाटणी बदलते, हे एक. पस्तीस वर्षं सकाळी सातची लोकल पकडणारा माणूस पहिल्यांदाच दुपारी घरात असतो. पंखा पुसणं, माळ्यावरचं सामान उतरवणं, गळका नळ उघडून बघणं ही कामं तो हौसेने अंगावर घेतो, आणि त्यातलं पुष्कळसं त्याने आयुष्यात कधी केलेलं नसतं. त्याच्या बायकोला मात्र निवृत्ती मिळतच नाही. गुडघे गेले तरी ओट्यापाशी आणि मोरीत ती तितकीच उभी असते. दुसरं कारण घराच्या वयाचं. नवी मुंबईत वाशीपर्यंत लोकल १९९२ साली आली. त्या सुमाराला तिशी-पस्तिशीत सिडकोचं घर घेतलेली माणसं आज पासष्टी-सत्तरीत आहेत, आणि भिंतींतली वायर, दारांच्या चौकटी, मोरीचा उतार अजून त्याच काळातला आहे. ठाण्यातल्या नौपाडा, पाचपाखाडीतल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत तर घर माणसापेक्षाही जुनं सापडतं.

सुरुवात न्हाणीघरापासून करायला हवी. जुन्या घरांत तिथे खरखरीत शहाबादी फरशी किंवा साधी मोझेक लादी असे. नव्वदच्या दशकानंतर तिच्या जागी गुळगुळीत, चकचकीत टाइल्स आल्या. न्हाणीघरात टाइल मॅट, म्हणजे चमक नसलेली, खरखरीत हवी आणि लहान हवी. एक फूट बाय एक फूट किंवा त्याहूनही लहान, कारण टाइल जितकी लहान तितके सांधे जास्त, आणि ओल्या पायाला पकड सांध्यांमुळे मिळते. उतार नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीकडे, फुटामागे साधारण ३ मिलिमीटर असावा. तो बिघडला की एका कोपऱ्यात पाणी साचतं आणि तिथे साबणाचा थर धरतो. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांकडे हा थर लवकर धरतो, कारण जड पाण्यात साबण पूर्ण विरघळत नाही, त्याचा चिकट साका टाइलवर बसतो. लिंबूसत्त्वाचं पाणी दहा मिनिटं ठेवून घासलं की तो निघतो. घाईच्या उपायात मात्र एक धोका आहे. टॉयलेट साफ करायच्या ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर मिसळली की क्लोरीन वायू सुटतो, आणि लहानशा बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना इजा करायला पुरेसा असतो.

घसरू नये म्हणून लोक रबरी मॅट आणतात. खाली चोषकं, म्हणजे लादीला चिकटणाऱ्या रबरी वाट्या, असलेली मॅट फक्त सपाट, गुळगुळीत टाइलवर चिकटते. खरखरीत टाइलवर किंवा सांध्यांवर ती ठेवली की चोषकांत हवा शिरते आणि ती माणसासकट सरकते. चकचकीत टाइल असेल तर मॅट उपयोगी, खरखरीत असेल तर ती उलट धोक्याची. दुकानदार हा फरक सांगत नाहीत.

आधाराचा दांडा हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत वाईट पद्धतीने बसवला जाणारा उपाय आहे. बहुतेक घरांत ज्येष्ठ माणसं उठताना टॉवेलचा रॉड धरतात. तो दोन बारीक स्क्रूंवर टॉवेलचं वजन पेलण्यापुरता बसवलेला असतो आणि नेमक्या वेळी हातात येतो. खरा ग्रॅब बार ३२ ते ४० मिलिमीटर जाडीचा, स्टेनलेस स्टीलचा, दोन्ही टोकांना तीन-तीन स्क्रूंचा असतो. आडवा बार जमिनीपासून ८५ ते ९० सेंटिमीटरवर लावावा. भिंत आणि बार यांच्यात दीड इंचाचीच फट असावी. जास्त ठेवली तर तोल जाताना कोपर आत घुसून अडकतं. एक उभा बार दाराशी हवा, कारण ओल्या लादीवरून कोरड्यावर पाऊल टाकतानाच तोल जातो.

बार बसवताना बहुतेक चुका भिंत न पाहिल्याने होतात. टाइलवर बोटाने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर मागे सिमेंट नाही आणि स्क्रू घट्ट केला की टाइल फुटेल. जुन्या घरांतली चार इंची विटांची भिंत अँकर, म्हणजे भिंतीत रुतणारा बोल्ट, चांगला धरते, फक्त तो टाइल आणि गिलावा ओलांडून विटेत किमान ५०-६० मिलिमीटर जायला हवा. नव्या टॉवरमधल्या हलक्या एएसी (सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंतीत नेहमीचा प्रसरण पावणारा अँकर ब्लॉकचा भुगा करतो आणि काही महिन्यांत सैल होतो. तिथे त्या ब्लॉकसाठी बनवलेले लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर (रासायनिक चिकटद्रव्याने बसणारे) लागतात. बसवणाऱ्याने स्वतःचं सगळं वजन बारवर टाकून दाखवल्याशिवाय त्याचे पैसे देऊ नयेत.

आंघोळ बादली-तांब्याने होत असेल तर बादली जमिनीवर ठेवू नये. फूटभर उंचीच्या घट्ट स्टँडवर ठेवली की वाकावं लागत नाही. वीस लिटरची भरलेली बादली वीस किलोंची असते. ती नळापासून ओढण्यापेक्षा नळाला लहान पाइप लावून जागेवरच भरावी. बसायला प्लास्टिकचं हलकं स्टूल नको, त्याचे पाय ओल्या लादीवर फाकतात. रबरी बूट असलेली, सतरा-अठरा इंच उंचीची ॲल्युमिनियमची खुर्ची हवी. दिवाळीतल्या अभ्यंगाचा इथे वेगळा उल्लेख करायला हवा. पहाटेचा अंधार, अंगभर तेल, त्यात तळपायही माखलेले. तेल न्हाणीघरात न लावता बाहेर जुन्या चादरीवर बसून लावावं आणि आत गेल्यावर बसल्या बसल्या आधी तळपायांना उटणं चोळावं. उटण्याचं पीठ तेल शोषून घेतं.

न्हाणीघराच्या दाराचा विचार तर कुणीच करत नाही. आपल्याकडे ते आत उघडतं. आत माणूस पडला तर तो नेमका दारामागे पडतो आणि त्याच्या अंगानेच दार अडतं. बाहेरच्यांना ते ढकलताही येत नाही. दार बाहेर उघडणारं करून घेणं हे सुताराचं एका दिवसाचं काम आहे. बिजागऱ्या उलट्या बाजूला जातात आणि चौकटीची खाच बदलावी लागते. आतल्या कडीऐवजी बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं कुलूप लावावं. लाकडी दार पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकतं आणि ते जोर लावून ओढताना माणूस मागे जातो. पाऊस संपल्यावर त्याची खालची आणि बाजूची कड रंधून लगेच रंगवली तर पुढच्या वर्षी ते फुगत नाही. बहुतेक जण रंधतात, पण कड रंगवायची राहते आणि उघड्या लाकडात पुन्हा पाणी शिरतं.

लादीवर लादी हा आणखी एक घात. जुनी फरशी न उखडता वर व्हिट्रिफाइड टाइल्स चिकटवल्या की हॉलची पातळी बारा-पंधरा मिलिमीटरने वर येते. बाल्कनी, पॅसेज आणि न्हाणीघर जुन्याच पातळीवर राहतात. अर्ध्या इंचाची ही पायरी डोळ्याला दिसत नाही, बायफोकल चष्म्यातून तर नाहीच, कारण खालच्या भिंगातून पायाजवळचं सगळं धूसर दिसतं. सहा इंचांची पायरी निदान दिसते, अर्ध्या इंचाची नकळत पाडते. तिथे दोन्हीकडे उतरती पट्टी बसवावी आणि तिचा रंग लादीपेक्षा वेगळा ठेवावा.

रात्री लघवीला उठताना होणाऱ्या पडझडीत औषधांचाही वाटा असतो. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी झोपेतून एकदम उठल्यावर दाब खाली जातो. पलंगाच्या कडेला एक-दोन मिनिटं पाय खाली सोडून बसावं, हे डॉक्टर सांगतातच. त्याला घराने साथ द्यायची तर पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जमिनीलगत हालचालीवर लागणारे दोन छोटे दिवे हवेत आणि वाटेत मोबाइल चार्जरची किंवा टेबलफॅनची वायर नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. बाहेरून टेंगूळही नसताना आत रक्तस्राव झालेला असू शकतो.

आता वीज. इथे एक गैरसमज घरोघरी आहे: एमसीबी बसवलेत, म्हणजे शॉक लागणार नाही. एमसीबी हा जास्त प्रवाह वाहू लागला की वीज तोडणारा खटका. तो वायरचं रक्षण करतो, माणसाचं नाही. १६ अँपिअरचा एमसीबी पडायला १६ अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो, आणि माणसाच्या जिवाला त्याच्या काही सहस्रांश भागानेच धोका होतो. माणसासाठी आरसीसीबी लागतो, ३० मिलिअँपिअरचा. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत तेवढा फरक पडला की तो क्षणात वीज तोडतो. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून आरसीसीबी पडतो का पाहायचं. पडला नाही तर तो नुसती शोभेची वस्तू आहे.

जुन्या घरांत आरसीसीबी बसवला की तो वारंवार पडतो, अशी तक्रार असते. मग कुणीतरी वायरमन तो बायपास करून देतो आणि घरातले सुटकेचा श्वास सोडतात. तो पडतो त्याला कारण असतं. दोन सर्किटांचे न्यूट्रल, म्हणजे प्रवाहाच्या परतीच्या वायरी, एकत्र जोडलेले असतात, किंवा इन्व्हर्टर बसवताना त्याचा न्यूट्रल चुकीच्या जागी गेलेला असतो, किंवा गीझरच्या एलिमेंटवर क्षाराचा थर बसून त्याचं आवरण तडकलेलं असतं आणि पाण्यात वीज उतरत असते. शेवटचं कारण असेल तर आरसीसीबी त्या घरातल्या माणसाचा जीव वाचवत असतो, आणि आपण त्यालाच काढून टाकतो. एकेक सर्किट बंद करत गेलं की दोष तासाभरात सापडतो.

अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणाऱ्या जोडणीची, गोष्ट आणखी गंभीर आहे. कित्येक जुन्या इमारतींत प्लगचं अर्थिंग लोखंडी पाण्याच्या पाइपला जोडलेलं होतं. ते पाइप गंजल्यावर सोसायट्यांनी पीव्हीसी किंवा सीपीव्हीसीचे, म्हणजे वीज न वाहणारे प्लास्टिकचे, पाइप टाकले, पाणी स्वच्छ झालं आणि अर्थिंग तुटलं. तीन पिनांचा प्लग दिसतो, तिसऱ्या पिनेला मागे काही नाही. घरात राहणाऱ्याला हे कळण्याचा मार्ग नाही. हा बिघाड सोसायटीच्या दुरुस्तीतून आत आला, म्हणून आतली तपासणी ही सोसायटीचीही जबाबदारी ठरते.

गीझर २००० वॅटचा असला तर तो ९ अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालूच नये. १६ अँपिअरचं सॉकेट, ४ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर आणि खटका न्हाणीघराच्या बाहेर हवा. थर्मोस्टॅट ५० अंशांवर ठेवावा. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, ५० अंशांना त्याच इजेला मिनिटं लागतात, आणि हात काढून घ्यायला वेळ मिळतो. मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. स्टोरेज गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडतात. ते पडायलाच हवेत, कारण तापलेलं पाणी प्रसरण पावतं. थेंबांनी टाइल खराब होते म्हणून तिथे बूच लावणं म्हणजे टाकी फुटण्याची वाट मोकळी करणं. गॅस गीझर न्हाणीघराच्या आत कधीही नको. खिडकी बंद असली की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि माणूस मदतीला हाक मारण्याआधीच बेशुद्ध होतो.

स्वयंपाकघराबद्दल बरंच सांगितलं जातं, म्हणून मोजकंच लिहितो. वयाबरोबर वास घेण्याची शक्ती कमी होते, आणि गॅसमधला उग्र वास हीच आपली एकमेव सूचना असते. म्हणून डिटेक्टर लावावा, पण योग्य उंचीवर. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, म्हणून डिटेक्टर छताजवळ. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीजवळ. कळव्या-दिघ्याकडून घोडबंदरला पाइपच्या गॅसच्या घरात राहायला गेलेल्या कुटुंबाने सिलिंडरच्या घरातला डिटेक्टर तसाच खाली लावला तर तो कधीच वाजणार नाही. सिलिंडरची सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायची, तारीख तिच्यावर छापलेली असते. गळतीची शंका आली की दिव्याच्या बटणाला हात न लावता खिडक्या उघडायच्या, कॉक बंद करायचा आणि बाहेर येऊन १९०६ला फोन करायचा. कुकरमध्ये डाळ अर्ध्यापेक्षा वर भरायची नाही, कारण फेस शिट्टीचं भोक बंद करतो. झाकण लावण्याआधी ते भोक उजेडाकडे धरून आरपार दिसतं का पाहायचं.

पाणी नसताना नळ उघडा राहणं ही या दोन्ही शहरांतली ठरलेली दुर्घटना. शटडाउनच्या दिवशी नळ फिरवला, पाणी आलं नाही, तो तसाच राहिला आणि रात्री पाणी सुटल्यावर खालच्या मजल्याचं छत भिजलं. मग भांडण, आणि त्या भांडणात वय काढलं जातं. उपाय साधा आहे. शटडाउनच्या दिवशी घराचा मुख्य कॉक बंद ठेवायचा. पण तो फिरतो कुठे? वर्षानुवर्षं न हललेला कॉक क्षाराने जाम होतो. महिन्यातून एकदा प्रत्येक कॉक पूर्ण बंद करून परत उघडला तर तो वेळेला हाताने फिरतो, आणि तो दाखवून देणं हे प्लंबरचं पाच मिनिटांचं काम आहे.

मुख्य दाराबाबत ज्येष्ठांच्या मनात चोराची भीती मोठी असते, त्यामुळे रात्री लॅच, वरची कडी, आडणा असं सगळं लागतं. मग आतला माणूस पडला तर शेजाऱ्याकडे चावी असूनही काही उपयोग नाही, अग्निशमन दलाला दार तोडावं लागतं. जाळीचं सेफ्टी दार आणि बाहेरून चावीने उघडणारं एकच चांगलं कुलूप पुरेसं आहे. चावीची जोडी सहीबंद पाकिटात शेजारी किंवा सोसायटीत ठेवावी. फोन टेबलावर आणि माणूस न्हाणीघरात, ही परिस्थिती नेहमीची असते. म्हणून वायरलेस बेलचं बटण न्हाणीघरात लादीपासून फूटभर उंचीवर चिकटवावं आणि बेल शेजारच्या घरात ठेवावी. मध्ये भिंती किती आहेत त्यावर तिचा पल्ला घटतो, तेव्हा आधी दाबून पाहावं.

माळा हा विषय एका ओळीत संपायला हवा: साठीनंतर कुणीही चढू नये. पण गणपतीचं मखर उतरवायला दुसरं कोण आहे? इथे सोसायटीने कठडा आणि सपाट पायरी असलेली एक शिडी घ्यावी, आणि महिन्यातला एक दिवस हाऊसकीपिंगच्या माणसाने ज्येष्ठांच्या घरी बल्ब, पंखा, माळा ही कामं करावीत. साठ सदनिकांच्या सोसायटीला हे सहज परवडतं.

यावर आक्षेप येतील, आणि ते खोटे नाहीत. पहिला खासगीपणाचा. आपल्या न्हाणीघरात कमिटीचा माणूस का यावा? म्हणून तपासणी संमतीनेच हवी, ती बाहेरच्या परवानाधारक वायरमनने आणि प्लंबरने करावी, अहवाल फक्त सभासदाच्या हातात द्यावा आणि सोसायटीने तारखेपलीकडे काही नोंदवू नये. कमिटीतल्या लोकांनी सोबत जाऊसुद्धा नये. दुसरा आक्षेप पैशाचा. एका घराला पाऊण तास धरला तर वीस घरांना पंधरा तास, म्हणजे दोन माणसांचं दोन दिवसांचं काम. दुरुस्ती निधी इमारतीच्या सामायिक कामांसाठी असतो, त्यातून घरातले बार बसवता येणार नाहीत आणि बसवूही नयेत. पण तपासणीच्या भेटीचा खर्च सर्वसाधारण सभा मंजूर करू शकते. तिसरा आक्षेप घरातूनच येतो: ‘मुलं आली की करू.’ मुलं पुण्याहून किंवा परदेशातून चार दिवसांसाठी येतात, त्या चार दिवसांत वायरमन मिळत नाही आणि आई-बाबा म्हणतात, ‘तुम्ही आलात तर जरा बसा.’ दोघांचंही खरं असतं, आणि काम राहून जातं.

२००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने निर्वाहाचा हक्क दिला, जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाची गोष्ट केली. कित्येक पोलीस ठाणी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या याद्या ठेवतात. त्या कायद्याला दुर्लक्ष करणारा मुलगा दिसतो, चोर दिसतो. ओली लादी त्याला दिसत नाही. महापालिकाही तिच्याकडे पाहत नाहीत, कारण त्यांच्याकडे मोजणी नाही. रस्त्यावरच्या अपघाताची पोलिसांत नोंद होते, जागा लिहिली जाते, तिथे मग गतिरोधक येतो. खुब्याचं हाड मोडून पालिकेच्या रुग्णालयात आलेल्या माणसाच्या केसपेपरवर ‘पडून दुखापत’ एवढंच लिहून चालणार नाही. कुठे पडला, किती वाजता, लादी ओली होती का, असे तीन रकाने वाढवायला एक परिपत्रक पुरे. नवी मुंबईत ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत. त्यांतल्या एखाद्यात बरोबर बसवलेले बार, बाहेर उघडणारं दार, जमिनीलगतची बेल असलेलं एक नमुन्याचं न्हाणीघर उभं केलं तर आरोग्यावरच्या दहा व्याख्यानांपेक्षा लोकांना जास्त समजेल.

सगळ्यांत मोठी संधी मात्र पुनर्विकासात आहे आणि ती भराभर हातून जाते आहे. वाशी-नेरूळपासून नौपाड्यापर्यंत सभांमध्ये चर्चा होते ती वाढीव चटई क्षेत्राची, कॉर्पसची (विकासकाकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांची) आणि भाड्याची. सुविधांच्या यादीत विकासक ‘हाय ग्लॉस व्हिट्रिफाइड टाइल्स’ लिहितो आणि सभासद खूश होतात. ज्या सभासदांच्या सह्या लागतात त्यांतले बहुतेक नव्या घरात पंचाहत्तरीत पाऊल टाकणार असतात. राज्याच्या सहकारी संस्था कायद्यातल्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयाने पुनर्विकासाची पद्धत घालून दिली आहे, सल्लागार नेमायचा असतो, निविदा काढायची असते. त्या निविदेचा मसुदा तयार होतानाच पाच-सहा ओळी घालाव्यात. न्हाणीघरात मॅट टाइल, दार बाहेर उघडणारं आणि उघडल्यावर निदान ८० सेंटिमीटर मोकळं, कारण व्हीलचेअर ६० ते ७० सेंटिमीटर रुंद असते. कमोड आणि आंघोळीच्या जागेलगतच्या भिंतीत भरीव वीटकाम, म्हणजे बार आज ना उद्या कुठेही लावता येईल. घरभर एकच पातळी. पलंगाजवळ आणि दाराजवळ असा दोन ठिकाणांहून चालणारा दिवा. न्हाणीघराच्या सर्किटला वेगळा आरसीसीबी. बांधकाम चालू असताना यांचा खर्च एकूण खर्चात दिसतही नाही. ताबा मिळाल्यावर यातली निम्मी कामं तोडफोडीशिवाय होत नाहीत.

पुनर्विकास दहा वर्षं दूर असलेल्या सोसायट्यांना मात्र थांबायचं कारण नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे ऑगस्टअखेर सचिवांकडे विषय लेखी पोहोचला पाहिजे. शब्द साधे ठेवावेत: ‘६० वर्षांवरील सभासदांच्या सदनिकांची, त्यांच्या लेखी संमतीने, परवानाधारक वायरमन व प्लंबर यांच्याकडून वार्षिक अंतर्गत सुरक्षा तपासणी करणे व त्यासाठीच्या खर्चास मंजुरी देणे.’ ठराव झाला तर पहिली फेरी दिवाळीच्या साफसफाईआधी उरकावी, आणि त्या फेरीत निदान आरसीसीबीचं बटण, प्लगचं अर्थिंग, गीझरचा व्हॉल्व्ह, घराचा मुख्य कॉक आणि न्हाणीघराची कडी एवढं प्रत्येक घरात पाहून घ्यावं.